बद्रीनाथाच्या वाटेवर, वेशीपासून एक मैल

मुक्काम : छगनच्या मळ्यातले छप्पर, कॅनॉलशेजारी,
बेलापूर, जि. अहमदनगर
वैशाख वद्य द्वितीया, शके १८९३

रा. रा. कानिफनाथराव यांस,

आप्पासाहेबाचा बेलापूरहून, म्हणजे बेलापूर जिथून नीट दिसते तिथून, सप्रेम नमस्कार. हृषीकेशला आपण आणि आपले पलटणीतले रस्ते बांधणारे सोबती सुखरूप असाल अशी उमेद बाळगतो. हिवाळ्यात बर्फात उभे राहून तुमच्या पायांची बोटे बधिर झाली होती ती मोकळी झाली का, असे तुमच्या भगिनी सौ. साळूबाई विचारतात. (मी त्यांना सांगितले की पलटणीत बोटे मोजून घेतात आणि मोजून परत देतात, काळजी नसावी. त्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.) त्यांची प्रकृती उत्तम आहे. माझ्यावर रागावल्या की ती नेहमीच उत्तम असते. आमच्या मातोश्री मुक्ताबाई यांनी बाहत्तरी ओलांडली तरी त्यांचे डोळे, दात आणि हट्ट शाबूत आहेत. माझ्या प्रकृतीबद्दल विचारू नये. ती खाली जागोजागी येईलच.

मागच्या पत्रात मी कळवले होते की अक्षय तृतीयेला सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी आम्ही पाच जण बद्री-केदारसाठी घर सोडू आणि सहाव्या दिवशी छगनच्या ट्रकातून तुमच्या दारात उतरू. त्याला आज चौदा दिवस झाले. आपण बिचारे रोज रस्त्यावर उभे राहून खालून येणारा प्रत्येक ट्रक थांबवून आत वाकून पाहत असाल आणि मनात नको नको ते आणत असाल. तर दाजींचे ऐका. आम्ही निघालो आहोत. वेळेवर निघालो, सात वीसला एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. फक्त अंतर फारसे काटलेले नाही. गेल्या चौदा दिवसांत आम्ही एक मैल आलो आहोत.

हे असे का झाले ते समजायला मुळापासून सांगावे लागेल. (हे पत्र मी छपरात खताच्या पोत्यावर बसून लिहीत आहे, मधे गोणपाटाचा पडदा आहे आणि पलीकडे बायका तांदूळ निवडत आहेत, त्यामुळे अक्षर आणि विचार दोन्ही हलणार. शिवाय पंचवीस वर्षे साऱ्या आळीची पत्रे मीच लिहिली. सांगणाऱ्याला एकेक ओळ ऐकवत लिहावे लागते, म्हणून हात चालला की माझे तोंडही चालते. तुमच्या भगिनी म्हणतात, ह्यांचं पाकीट चिकटवून काय उपेग, आधी गावानं ऐकलेलं असतंय. असो.)

मूळ गोष्ट आईची. आमच्या वडिलांना जाऊन तीन वर्षे झाली. त्याआधी चाळीस वर्षे ते दर साली आईला एकच वाक्य म्हणत, ‘यंदाचा ऊस जाऊ दे, मंग निगू बद्रीला.’ आधी गुऱ्हाळे होती, मग कारखाने आले, पण ऊस दर साली उभाच होता. एका साली तर त्यांनी नगरला जाऊन काळ्या लोकरीचा जाड कोट शिवून घेतला. आईला वाटले आता हे नक्की निघाले. तो कोट ट्रंकेत कडुनिंबाच्या पाल्यात राहिला आणि दर दिवाळीला उन्हे खाऊन परत ट्रंकेत गेला. वडील वारले तेव्हाही दोन फड तोडायचे राहिले होते. बद्रीनाथाला ब्रह्मकपाळावर पिंड दिला की गेलेल्या माणसाचे मागे काही करायचे उरत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. यंदा संक्रांतीला आईने तिळगूळ हातावर ठेवता ठेवता मला सांगितले, ‘त्यांला तर जमलं न्हाई. म्या घिऊन जाते त्यांला. आन आता म्या उसाला इचारनार न्हाई.’ आई मोठ्याने बोलली असती तर मी वाद घातला असता. ती हळू बोलली, म्हणून मी हो म्हणालो.

आई म्हणाली रेल्वेने जाऊ. स्टेशन चार मैलांवर, मनमाडला गाडी बदलली की दिल्ली, तिथून हरिद्वार. यात न समजण्यासारखे काही नव्हते. पण मी तीन इयत्ता जास्त शिकलो असल्यामुळे मला ते फार सोपे वाटले. मी म्हणालो, रेल्वेत धक्काबुक्की, सामानाची चोरी, मनासारखे थांबता येत नाही. त्यापेक्षा आपल्या छगनचा ट्रक आहे. (छगन म्हणजे माझा चुलतभाऊ, तुम्ही त्याला आमच्या लग्नात पाहिले आहे. वरातीची बैलगाडी विहिरीच्या कडेपर्यंत नेली होती तो.) त्याचा ट्रक दिवाळीपासून कारखान्याला ऊस वाहतो. चैत्रात कारखान्याचा पट्टा पडतो, हंगाम संपतो आणि ट्रक पावसाळ्यापर्यंत रिकामा उभा असतो. मागे फळ्या ठोकायच्या, वर ताडपत्री, खाली कडबा आणि त्यावर गाद्या. मनमाड, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर, आग्रा, दिल्ली, हरिद्वार. वाटेल तिथे थांबा, वाटेल तिथे चूल मांडा. मी कागदावर नकाशा काढला आणि तो आम्हा सर्वांना इतका आवडला की हिमालय त्यात अगदी मुठीएवढा निघाला, याकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

पाच माणसे ठरली. आई, आमची आत्या आक्काबाई, तुमच्या भगिनी, मी आणि सहादेव. सहादेव आमच्या नात्याचा नाही आणि गोत्याचाही नाही, पण तो सतरा वर्षांपूर्वी एकदा काशीला जाऊन आला आहे, त्यामुळे गावातून कुणी वेशीच्या पुढे जायचे म्हटले की तो आपोआप पुढारी होतो. आक्काबाईंनी मुक्कामांप्रमाणे फराळाचे डबे भरले आणि प्रत्येकावर मला खडूने नावे घालायला लावली. धुळ्यापर्यंत दशम्या, इंदुरापर्यंत धपाटे, ग्वाल्हेरपर्यंत शेंगदाण्याचे लाडू, दिल्लीपर्यंत शंकरपाळे, आणि पुढे डोंगर चढायला बळ राहावे म्हणून डिंकाचे लाडू. एवढी चोख आखणी पलटणीतही होत नसेल.

जोशीबुवांनी मुहूर्त अक्षय तृतीयेचा दिला आणि त्याच आठवड्यात कळले की यंदा ऊस अमाप आहे, कारखाना महिनाभर जास्त चालणार. छगनने हात वर केले. बोलीप्रमाणे पट्टा पडेपर्यंत ट्रक कारखान्याचा. मी म्हणालो, हरकत नाही, आपल्यात रीत आहे, प्रस्थान ठेवू. म्हणजे मुहूर्ताला निघणे जमत नसेल तर धोतर, लुगडे, सुपारी, हळकुंड असे गाठोडे बांधून वेशीबाहेर कुणाच्या तरी घरी ठेवायचे, की माणूस निघाला असे देव धरून चालतो. मग सवडीने जावे. जोशीबुवांनी मान हलवली, सहादेवाने हलवली. आईने हलवली नाही. म्हणाली, ‘चाळीस साल गाठुडंच बांधून ठिवलंय. आता मानूस जाईल.’

आणि माणसे गेली. कानिफनाथराव, मला आयुष्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता आणि एवढा पस्तावाही कधी झाला नव्हता. ताशा, वाजंत्री, गुलाल. सारे गाव पाया पडले. बांधावरून पंधरा वर्षे ज्यांचे माझ्याशी बोलणे नव्हते ते गळ्यात पडून रडले. शेजारच्या राहीबाईंनी तर माझ्या हातात गंगाजळासाठी तांब्या देऊन, आप्पा, पुन्यांदा भेट हुतीया न हुतीया, असा सूर लावला की मलाच माझी दया आली. असे बावीस तांबे जमले. वेशीवर नारळ फुटला, आम्ही पाचही जण मागे न पाहता चालू लागलो, आणि वाजंत्री माघारी फिरल्यावर उजवीकडे वळून छगनच्या मळ्यात आलो आणि बसलो. थोड्या दिवसांची बाब होती. दुसऱ्या दिवशी सकाळी राहीबाई कॅनॉलवर धुणे घेऊन आल्या, तो मी काठावर बसून मिश्री लावतो आहे. त्या किती तरी वेळ बघत राहिल्या. मग धुणे न धुताच परत गेल्या.

यात्रेला निघालेल्या माणसाने यात्रा झाल्याशिवाय वेशीच्या आत पाऊल ठेवायचे नाही, हे तुम्ही जाणता. इथून आमचे घर दिसते. दारातला कडुनिंब दिसतो. खुंटीवर राहिलेली माझी छत्री दिसत नाही, पण ती तिथे आहे हे मला ठाऊक आहे आणि तेच जास्त लागते. तुमच्या भगिनींची म्हैस दुसऱ्या कुणाला धारेला उभी राहत नाही, म्हणून ती रोज सकाळी दावे तोडून वेस ओलांडून इकडे येते, दूध देते आणि पुन्हा गावात जाते. तिला कुणी काही म्हणत नाही. भीमाबाईंच्या लेकीचे लग्न झाले. वाजप आम्ही इथे ऐकले, बुंदीचा वास आम्ही इथे घेतला. भीमाबाईंनी माणुसकीने पाच पत्रावळी वाढून पाठवल्या, त्या आईने दारातून परत पाठवल्या. म्हणाली, ‘त्यांला सांग, आमी हितं न्हाई.’ सोसायटीचा शिपाई सभेची नोटीस घेऊन आला तेव्हा मी त्याच्यापासून चार हातांवर दाढी करत होतो. आईने माझ्या देखत त्याला सांगितले, ‘आप्पा बद्रीला गेल्यात.’ त्यानेही माझ्याकडे पाहत पाहत, बरं, आले की सांगा, म्हणून नोटीस माघारी नेली. चार दिवसांनी मला स्वतःलाच शंका येऊ लागली की आपण खरोखर कुठे आहोत.

सहादेवाने या सुट्टीत आमची तयारी करून घ्यायचे मनावर घेतले. केदारनाथाला शेवटचे मैलोन् मैल पायी चढायचे असतात, आणि आमच्याकडे चढायला काय आहे तर कॅनॉलचा भराव. रोज सकाळी हातात काठ्या घेऊन आम्ही तो वीस वेळा चढतो आणि वीस वेळा उतरतो. वरून सहादेव ओरडतो, ‘हितं हवा इरळ हुतीया, दम खा!’ (हवा होती तशीच असते. विरळ होतात ते माझे श्वास.) ज्यांना चालवत नाही त्यांना तिकडे मजूर पाठीवरच्या टोपलीत बसवून नेतात असे त्याने कुणाकडून तरी ऐकले आहे. तेव्हा आक्काबाईंना कांद्याच्या पाटीत बसवून, पाटी दोरांनी माझ्या पाठीला बांधून, मला भरावावर चढवण्यात आले. अर्ध्यावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी अलीकडे गडगडलो, दोर सुटला आणि आत्या पलीकडे कॅनॉलमध्ये. पाण्याची पाळी चालू होती. पाटी मोठी, आत्या हलक्या, त्या बसल्या जागी हात जोडून मोरीपर्यंत तरंगत गेल्या. तिथे दारे धरणाऱ्या माणसाने त्यांना उतरवून घेतले. तेव्हापासून त्या म्हणतात की त्यांचे गंगास्नान झाले, आता राहिले तरी चालेल. आईने हे ऐकून त्यांच्याकडे असे पाहिले की त्या उठून तांदूळ निवडायला बसल्या.

माझी कंबर अजून सरळ होत नाही. डब्यांचे म्हणाल तर बसून राहिलेल्या माणसाला चालणाऱ्यापेक्षा जास्त भूक लागते. धुळे आम्ही पहिल्या तीन दिवसांतच मागे टाकले. इंदूर आंबूस झाले होते तरी संपवले. ग्वाल्हेरला मुंग्या लागल्या. काल दुपारी सहादेवाने दिल्लीचा शेवटचा शंकरपाळा खाल्ला आणि आता आम्ही डिंकाच्या लाडवांवर आहोत. म्हणजे डब्यांकडून पाहिले तर आम्ही तुमच्या उंबऱ्यावर येऊन बसलो आहोत.

या सगळ्यात आईचा दिनक्रम ठरलेला आहे. रोज सकाळी ती बरोबर आणलेला वडिलांचा कोट बाजेवर उन्हात घालते, ऊन कलले की झटकून खुंटीला लावते, आणि रस्त्याकडे तोंड करून बसते. संध्याकाळी छगनचा ट्रक ऊस भरून समोरून जातो. तो हॉर्न वाजवतो, आक्काबाई ट्रकालाच नमस्कार करतात, आई मला विचारते, ‘कवा रं?’ मी म्हणतो, कारखान्याला ऊस फार झाला आहे, आपल्या हातात काय आहे. ती म्हणते, ‘बरं.’ कानिफनाथराव, त्या बरंची मला भीती वाटते. ती वडिलांनाही चाळीस वर्षे हेच म्हणत होती. मला आता इथे बसवत नाही, पुढे जाववत नाही आणि मागे फिरता येत नाही. अशी अवस्था झालेला दुसरा माणूस तुमच्या पाहण्यात असेल तर त्याने काय केले ते कळवावे.

असो. वर डोंगरात गेलात तर थंडीत जपून असावे. भाच्यांना आशीर्वाद सांगावेत. हृषीकेशला आमच्यासाठी धर्मशाळेत सांगून ठेवलेली खोली सोडू नये, आणि धरूनही ठेवू नये.

आपला, वेशीबाहेर खोळंबलेला,
आप्पासाहेब

ता. क. : बावीस तांब्यांची तोंडे बंद करायला लाख तिकडे मिळते का, की इथूनच आणावी? आणली असती, पण ती घरात फडताळात आहे.

दुसरा ता. क. : बायका आत्ताच कॅनॉलवर धुणे घेऊन गेल्या आणि सहादेव झोपला आहे, म्हणून जे लिहायचे होते ते आता लिहितो. वरचे सगळे कुणालाही वाचून दाखवता येईल असे लिहिले आहे. खरे निराळे आहे. पट्टा पडायला अवकाश असला तरी कारखान्याने छगनशी केलेला करार गेल्या सोमवारीच संपवला. ट्रक मोकळा आहे. फळ्यासुद्धा ठोकून तयार आहेत. तो आता रोज जो ऊस नेतो तो माझा आहे. माझा फड यंदा शेवटच्या पाळीत आला, अजून दोन एकर उभा आहे, आणि मी समोर नसलो तर तोडणारी टोळी दुसऱ्याच्या फडात जाऊन बसते. चार दिवसांनी पट्टा पडला की राहिलेल्या उसाचे चिपाड होणार. मीच छगनला म्हणालो, आधी माझा ऊस जाऊ दे, मग निघू. हे वाक्य तोंडातून निघून गेल्यावर ते कुणाचे आहे ते मला आठवले. पण तोवर ट्रक भरला होता.

आणखी एक. मी विहिरीत वाकून पाहिले तरी माझे डोळे फिरतात. तुम्ही मागच्या पत्रात लिहिले होते की रस्ता उत्तम आहे, एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला काहीच नाही. त्या काहीच नाहीवर मी तीन रात्री जागलो. तेव्हा एवढे करा. पत्र मिळताच तार करा : दरड कोसळली, रस्ता बंद, पुढच्या साली यावे. तुम्ही रस्ते बांधणाऱ्या खात्यातले, तुमच्या तारेवर आई विश्वास ठेवील. देवानेच वाट बंद केली म्हटल्यावर वेशीच्या आत यायलाही दोष नाही, जोशीबुवांना मी आडून विचारून ठेवले आहे. पुढच्या साली ऊस लवकर लावीन. शपथ. हे पत्र फाडून टाकावे. मी जरा फडावर टोळी बघून येतो, आल्यावर पाकीट चिकटवीन.

चि. कानिफ यास साळूबाईचा आशीर्वाद. हे फडावर गेल्यात आन कागद पोत्यावरच ठिवून गेल्यात. आमी धुनं घेऊन कवाच माघारी आलो हुतो. पडद्याच्या अलीकडं बसून आमी तिघींनी समदं ऐकलं. ह्यांची वाचायची सवय तुला ठावं हाय. दरड कोसळली म्हनताना तर लई मोठ्यांदा वाचलं. सासूबाईंनी उठून लुगडी बांधली, ब्रह्मकपाळाच्या पिंडासाठी ठिवलेली सुपारी कनवटीला लावली आन म्हनल्या, चल. स्टेशनाची वाट गावातून जात न्हाई, तवा दोष न्हाई. आक्काबाई आत्या बी येत्यात. संध्याकाळच्या गाडीनं आमी मनमाडला जातो, तितनं दिल्लीला, मंग तुज्याकडं. तार करू नगस. मामंजींचा कोट खुंटीवर ठिवलाय, तो सासूबाईंनी घेतला न्हाई. मी इचारलं तर म्हनल्या, ज्याला यायचं हाय त्यो घिऊन यील. त्यांच्या डोळ्याला पानी हुतं. मी तीस वर्सांत पयल्यांदा बघितलं. म्हशीचं राहीबाईंना सांगून ठिवलंय.

मनमाड स्टेशन, फलाट

तिसरा ता. क. : फडावरून आलो तेव्हा छपरात सहादेव एकटा घोरत होता, हे पत्र पोत्यावर होते आणि खाली तुमच्या भगिनींचे अक्षर होते. ते मी वाचले आणि, आयुष्यात प्रथमच, मनातल्या मनात वाचले. खुंटीवर कोट होता. मी छगनची सायकल काढली. दोन्ही हात हँडलला, तेव्हा कोट धरायचा कसा, म्हणून तो अंगात घातला. वैशाखातले तिसऱ्या प्रहराचे ऊन, खडीचा रस्ता, चार मैल, आणि अंगात बद्रीनाथाच्या थंडीसाठी शिवलेली काळी लोकर. बांधावरची माणसे उभी राहून बघत होती. एकाने विचारले, आप्पा, बद्रीहून आलात व्हय? मी नुसती घंटी वाजवली, एक तर दम नव्हता आणि दुसरे, काय सांगणार.

गाडी फलाटाला लागत होती. आई गाठोड्यावर बसली होती. तिने मला पायांपासून डोक्यापर्यंत पाहिले, मग उठून कोटाच्या बाहीवर चिकटलेला कडुनिंबाचा पाला काढला आणि डब्यात चढली. मी मागून चढलो. मनमाड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. माझ्या अंगाला घामाच्या धारा लागल्या होत्या, पण कोट काढायची माझी छाती झाली नाही. मी काय केले आहे ते मला तिथे पुरते कळले आणि लाज वाटली, हे तुमच्यापाशी लिहायला हरकत नाही. तुम्ही माझे खोटे वाचलेच आहे.

तार पाठवू नये हे आता सांगायला नकोच. हे पत्र मी दिल्लीच्या गाडीच्या टपालाच्या डब्यात टाकणार आहे, म्हणजे ते आणि आम्ही एकाच गाडीने येऊ. आम्ही आधी पोचलो तर आई समोर असताना ते उघडू नये. सहादेव जागा झाल्यावर ट्रकाची वाट बघेल, त्याला डिंकाचे लाडू पुरतील. तो रस्ता जिथे एका अंगाला काहीच नाही, तिथे मी डोळे मिटून बसेन. माझा हात धरायला तेवढे तुम्ही बरोबर या, कारण तुमच्या भगिनी धरतील असे आज तरी वाटत नाही.

आत्ताच, हे लिहीत असताना, आईने पहिल्यांदा तोंड उघडले. विचारले, ‘किती ऱ्हायला?’ मी म्हणालो, दोन एकर. ती फलाटावरच्या नळाकडे बघत होती. मग म्हणाली, ‘चाळीस साल येळंवर गेलाय त्यो. एक साल ऱ्हाऊ दे उभा.’

गाडी येत आहे.

आप्पासाहेब